आठ वर्षांच्या लेकाची दाढ खडूसारखी का निघाली?

पत्र:

ताई नमस्कार. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मिस्टर साइटवर सुपरवायझर आहेत, मी घरूनच शिवणकाम करते. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. त्याची खालची मागची नवीन दाढ आली तीच पिवळट-तपकिरी आली आणि परवा साधी पोळी खाताना तिचा कोपरा तुटला. गार पाणी लागलं की रडतो, ब्रश तिथे लावूच देत नाही. सासूबाई म्हणतात तू पोटुशी असताना दूध प्यायली नाहीस म्हणून पोराचे दात असे. मला तेव्हा दुधाच्या वासानेच उलटी यायची हे खरंय. मेडिकलवाल्याने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तीन महिने देतेय, काही फरक नाही. आता कुणीतरी सांगितलं की दात आणि हाडं प्रोटीननेच बनतात, म्हणून चॉकलेट फ्लेवरचा प्रोटीन पावडरचा डबा आणलाय, बाराशे रुपये गेले. मार्चमध्ये सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि मनगट मोडलं, त्यांनाही तीच पावडर देऊ का? आणि लेकाच्या पुढच्या नव्या दातावर पण पांढरा ठिपका आहे, वर्गातली मुलं चिडवतात. रात्री झोप लागत नाही ताई, सारखं वाटतं माझ्यामुळेच झालं.

– एक आई

उत्तर:

अगं, तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि आधी त्याचंच उत्तर द्यावंसं वाटलं. तुझ्यामुळे झालेलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, हा साधा तारखांचा हिशोब आहे. तू जी दाढ सांगतेयस ती साधारण सहाव्या वर्षी येते, पहिली कायमची दाढ, दूधदात न पडताच त्यांच्या मागे येते म्हणून पुष्कळ आयांना ती दुधाचीच वाटते. या दाढेचं वरचं कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, बनायला सुरुवात होते बाळाच्या जन्माच्या आसपास आणि ते पुरं होतं अडीच-तीन वर्षांपर्यंत. म्हणजे तू दूध पीत नव्हतीस तेव्हा हे एनॅमल बनायला धड सुरुवातही झालेली नव्हती. पोटात असताना बनायला लागतात ते दूधदात. आणि समजा आईच्या जेवणात कॅल्शियम कमी पडलं तरी शरीर आईच्या हाडांतून काढून बाळाला पुरवतं, झीज झालीच तर ती तुझ्या हाडांची, पोराच्या दाढेची नाही. सासूबाईंना हे नीट बसून सांग, भांडायला नको, त्यांनीही हे कुठेतरी ऐकलेलंच असणार.

आता दाढेचं. मी दात बघितलेला नाही, पत्रावरून अंदाज बांधतेय, पण नवी दाढ येतानाच पिवळट-तपकिरी, मऊ, कोपरा तुटलेला, गार लागतं, आणि सोबत पुढच्या दातावर ठिपका, ही जोडी बघितली की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते एमआयएच. लांबलचक नाव आहे, मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन, म्हणजे दाढा आणि पुढचे पटाशीचे दात यांच्यात खनिज नीट न भरणं. हे नाव २००१ मध्ये ठरलं, त्यामुळे जुन्या लोकांनी ऐकलेलं नसतं आणि सगळ्याला सरसकट 'कीड' किंवा 'कॅल्शियमची कमी' म्हटलं जातं. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर साधारण सात-आठ मुलांत एकाला थोडंफार हे असतं, त्यामुळे तुझ्या लेकाच्या वर्गात असली दाढ असणारी आणखी पण मुलं निघतील.

तर मग कॅल्शियमच्या गोळ्यांनी फरक का पडला नाही? इथे मला तुझ्या मिस्टरांच्या कामाची मदत लागणार आहे, कारण स्लॅब कसा पडतो हे तुमच्या घरात सगळ्यांना माहितीये. स्लॅबला नुसतं सिमेंट-खडी असून भागत नाही. आधी खाली सेंट्रिंग लागतं, बल्ल्या, प्लेटा, मग सळईची जाळी बांधायची, मग माल ओतायचा, आणि ठरलेले दिवस झाले की सेंट्रिंग खोलायचं. सळई आत कायमची राहते, सेंट्रिंग निघून जातं. आपल्या शरीरात हाड आणि दात बनतात तेव्हा कॅल्शियम आणि फॉस्फेट हा झाला माल, आणि सळई म्हण की सेंट्रिंग, ती दोन्ही कामं प्रोटीनची. फक्त हाडात प्रोटीन सळईसारखं आत राहतं आणि एनॅमलमध्ये सेंट्रिंगसारखं काढून टाकावं लागतं. तुझ्या लेकाची सगळी गोष्ट या एका फरकात आहे.

आधी हाडाचं सांगते म्हणजे सासूबाईंच्या मनगटाचंही त्यात येईल. हाडाच्या वजनात साधारण ६० ते ७० टक्के खनिज असतं, ते एका खास प्रकारचं कॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीॲपेटाइट. थोडं पाणी, आणि उरलेलं बहुतेक प्रोटीन, त्यातलं ९० टक्के एकच, कोलॅजन. हे कोलॅजन कसं दिसतं माहितीये का, तीन पेडांची वेणी घालतो ना आपण, तशीच. तीन धागे एकमेकांभोवती गुंफलेले. ही रचना आपल्याच देशात उलगडली, मद्रासमध्ये गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता या दोघांनी १९५४ साली मांडली, आणि मला प्रत्येक वेळी हे सांगताना अभिमान वाटतो कारण शाळेच्या पुस्तकात हे नाव यायला हवं तेवढं येत नाही. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिड नावाच्या मण्यांची माळ, आणि या वेणीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन नावाचा सगळ्यात छोटा मणी असतो, कारण वेणीच्या आतल्या बाजूला दुसरा कुठलाच मणी मावत नाही. ज्या मुलांच्या जनुकातल्या एका चुकीने तिथे मोठा मणी येतो त्यांची वेणी सैल पडते आणि हाडं काचेसारखी मोडतात, त्या आजाराला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात, त्यातल्या काही मुलांचे दातही निळसर-तपकिरी, अर्धपारदर्शक दिसतात. दात आणि हाड वरून वेगळे दिसले तरी आत सळई तीच, याचा याहून मोठा पुरावा नको. (तुझ्या लेकाला हे नाहीये, घाबरू नकोस, त्याचा डाग ठराविक दातांवरच आहे.)

हाड बनवणाऱ्या पेशी आधी नुसत्या कोलॅजनच्या वेण्या रचून ठेवतात, मऊ असतं ते, आणि मग दहा-पंधरा दिवस थांबून त्यात खनिज भरायला लागतं. वेण्यांच्या टोकांमध्ये अगदी बारीक फटी सोडलेल्या असतात, खनिजाचे कण आधी तिथे जाऊन बसतात आणि तिथून पसरतात. पण गंमत अशी की आपल्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की खरं तर ते कुठेही गोठून दगड व्हायला हवं, रक्तवाहिन्यांत, स्नायूंत, कातडीत, सगळीकडे. होत नाही कारण काही प्रोटीन पहारा देत असतात. रक्तात फेट्युइन नावाचं एक फिरतं, ते खनिजाचे चिमुकले कण पकडून ठेवतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एमजीपी म्हणून एक आहे, ज्या उंदरांत ते मुळातच नव्हतं त्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक होऊन ते दोन महिन्यांच्या आत मेले. म्हणजे नुसतं कॅल्शियम ओतून काही होत नाही, 'इथे बस' आणि 'तिथे बसू नको' हे सांगायला प्रोटीन लागतं. आणि हाडाच्या जागी अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं आणखी एक प्रोटीन, रक्ताच्या रिपोर्टात एएलपी लिहिलेलं असतं ते, खनिजाला अडवणारा पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ तोडून टाकतं आणि रस्ता मोकळा करतं. हे एन्झाइम जन्मतःच कमी असलेल्या मुलांचे दूधदात वेळेआधीच, मुळासकट पडतात. पाच वर्षांच्या आत कुणाच्या मुलाचा दात न हलवता अख्खा मुळासकट हातात आला तर लगेच दाखवा, हे मी प्रत्येक आईला सांगत असते.

तुझ्या घरी चिकन होत असेल तर एक कर. तंगडीचं हाड साफ धुऊन काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव, दोन दिवसांनी व्हिनेगर बदल, पाच-सहा दिवसांनी काढ. दिसायला तसंच हाड, पण रबरासारखं वाकतं. व्हिनेगरने खनिज नेलं, कोलॅजन राहिलं. लेकाला दाखव, त्याच्या वयाची मुलं हे बघून तोंडात बोटं घालतात. उलटा प्रकार मी स्वतः बघितलाय आणि तो मी विसरू शकत नाही. बाबा गेले तेव्हा अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर आलो होतो, सकाळी सात वाजता, गर्दी कमी होती, आणि भावाच्या हातून लाल फडक्याची गाठ सुटेना म्हणून मी सोडली. पांढरे, हलके तुकडे. एक उचलला आणि बोटांत धरल्याबरोबर त्याची कड भुरभुरली. ज्या हाडांनी मला खांद्यावर बसवून फिरवलं त्यातलं सगळं खनिज तिथे होतं, फक्त आगीने प्रोटीन नेलं होतं. दात आणि हाडं शिकण्यात माझी एवढी वर्षं गेली, तरी हाड कशामुळे मोडत नाही हे मला त्या सकाळी कळलं.

आता दातावर ये. दाताचा आतला मोठा भाग म्हणजे डेंटिन, ते हाडाचं सख्खं भावंड, कोलॅजनची सळई, ७० टक्क्यांच्या आसपास खनिज, शिवाय फॉस्फेट अंगावर लादलेलं एक खास प्रोटीन जे कॅल्शियमला ओढून घेतं. डेंटिन बनवणाऱ्या पेशी आयुष्यभर दाताच्या आत जिवंत असतात, त्यामुळे दात झिजला तर आतून थोडी भिंत पुन्हा बांधतात. ही गोष्ट आपल्या उपयोगाची आहे, पुढे सांगते.

एनॅमलचं मात्र सगळंच वेगळं. ते शरीरातलं सर्वांत कठीण, तयार झाल्यावर ९६ टक्के खनिज, प्रोटीन जेमतेम एक टक्का. पण सुरुवात होते तेव्हा ते खरवसासारखं मऊ असतं, वजनाने तिसरा हिस्सासुद्धा खनिज नसतं. ॲमेलोब्लास्ट नावाच्या पेशी अमेलोजेनिन हे प्रोटीन सोडतात, त्याच्यासोबत एनॅमेलिन, अमेलोब्लास्टिन असे आणखी एक-दोन थोडे थोडे, आणि त्या प्रोटीनच्या लगद्यात खनिजाच्या लांब, पातळ पट्ट्या रांगेने उभ्या राहतात. आधी उंची पूर्ण होते, पट्ट्या बारीकच असतात. मग दुसरा टप्पा, पट्ट्या जाड व्हायच्या असतात, पण मधल्या जागेत प्रोटीन बसलंय, मग जागा कुठून होणार? म्हणून त्याच पेशी केएलके-४ नावाचं कापणारं एन्झाइम सोडतात (पहिल्या टप्प्यात एमएमपी-२० कापाकापी सुरू करतं), अमेलोजेनिनचे तुकडे तुकडे होतात, पेशी ते शोषून घेतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पट्ट्या फुगत फुगत एकमेकींना चिकटतात. हेच सेंट्रिंग खोलणं. वेळेवर खोललं तर एनॅमल काचेसारखं कठीण.

तुझ्या लेकाच्या दाढेत हे खोलणं अर्धवट राहिलंय. असले खडूसारखे डाग असलेल्या दातांचे नमुने तपासले तेव्हा त्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रोटीन अडकलेलं सापडतं, आणि त्यात एक असं की ज्याचं तिथे कामच नाही, रक्तातलं अल्ब्युमिन. ते कोवळ्या पट्ट्यांना चिकटून बसतं आणि त्यांना जाड होऊ देत नाही. मिस्टरांना विचार, माल नीट न बसता आत पोकळ्या राहिल्या की साइटवर हनीकोंब पडलं म्हणतात ना, तसं. वरून उंची बरोबर, आकार बरोबर, पण आत हनीकोंब, मग पोळीचा घास चावला की कोपरा निघणारच, आणि त्या पोकळ्यांमुळे गार पाण्याचा झटका आतल्या नसेपर्यंत पोचतो म्हणून तो रडतो. नाटक करत नाहीये पोरगं, त्याला खरंच कळ लागते, हे घरातल्या सगळ्यांना सांग.

हे होतं कशाने, याचं एकच एक कारण अजून कुणाला ठामपणे सांगता आलेलं नाही. पहिल्या तीन वर्षांतले मोठे ताप, न्यूमोनियासारखे आजार, जन्माच्या वेळचे त्रास, थोडा अनुवंश, अशा गोष्टींशी त्याचा संबंध दिसतो. यातलं एकही आईच्या हातात नसतं. आणि कुणी तुला पाण्यामुळे झालं म्हणेल तर फ्लोरोसिस वेगळा असतो, त्यात पुष्कळ दातांवर दोन्हीकडे सारखे, पसरट, कडा पुसट असलेले पट्टे येतात, हा डाग चार-दोन दातांवर आणि ठळक कडेचा असतो. तुमच्याकडे महापालिकेचं नळाचं पाणी नसेल आणि वर्षभर बोअरचंच पीत असाल तर एकदा फ्लोराइडची तपासणी करून घ्यायला हरकत नाही, एका लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात.

आता गोळ्यांचं उत्तर तुझं तुलाच मिळालं असेल. दात हिरडीच्या बाहेर येतो तोपर्यंत एनॅमल बनवणाऱ्या पेशी मरून गेलेल्या असतात. कामगार साइट सोडून गेले, आता गेटवर सिमेंटचे ट्रक उभे करून काय होणार? पोटातून घेतलेलं कॅल्शियम आलेल्या दाताच्या एनॅमलमध्ये जात नाही. गोळ्या डॉक्टरांनी तपासून दिलेल्या नसतील तर बंद कर, त्याच्या वयाला दिवसाला साधारण ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, ते एक-दीड कप दूध किंवा दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, पालेभाजी यातून आरामात भागतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आपल्या इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पिकते ती, मॉलमध्ये पॅकेट शोधायची गरज नाही.

आणि पावडरचा डबा. प्रोटीननेच दात-हाडं बनतात हे तुला सांगणाऱ्याने अर्धं बरोबर सांगितलं, पण खाल्लेलं प्रोटीन आहे तसं उठून दाढेत जाऊन बसत नाही, पोटात त्याचे सुटे मणी होतात आणि शरीर लागेल तिथे लागेल ती माळ ओवतं. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ग्लासभर दुधात सहा-सात, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा, वर पोळी-भाकरीतलं वेगळंच, बघ झालं की नाही. चॉकलेट पावडरीत साखर असते, आणि झोपताना तसलं दूध प्यायला लावलं तर साखर रात्रभर त्या पोकळ्यांत बसते, ज्या दाढेला आपण वाचवायला निघालोय तिचाच घात. डब्यामागची साखर वाच. बाराशे रुपये गेले याचं वाईट वाटतंच, पण डबा संपवायचा म्हणून देऊ नकोस.

सासूबाईंचं मात्र उलट आहे, आणि त्यांची मला जास्त काळजी वाटतेय. हाड जिवंत असतं, जुनं काढून नवं बांधणं मरेपर्यंत चालू असतं, त्यामुळे तिथे जेवणातलं प्रोटीन खरोखर कामाला येतं. साधं घसरून मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची पहिली सूचना, पुढे खुब्याचं हाड मोडायच्या आत पकडायला हवी. प्लास्टर निघालं म्हणून विषय संपला असं समजू नका, हाडांच्या डॉक्टरांना विचारून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, आणि व्हिटॅमिन डी करून घ्या. डी नसेल तर आतड्यातून कॅल्शियम फारच कमी आत येतं. त्या दिवसभरात काय खातात ते चार दिवस लिहून काढ. मी कितीतरी आज्या बघते, सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी पोळी नि भाजी, संध्याकाळी परत चहा-टोस्ट, रात्री 'भूक नाही गं' म्हणून दूध-भात, त्यात चतुर्थी, एकादशी, सोमवार. दिवसाचं प्रोटीन वीस ग्रॅमवर जात नाही. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम धरतात, वय झालेल्यांना एक ग्रॅम किंवा थोडं जास्त द्यावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नासएक ग्रॅम. दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा पिठलं किंवा उसळ, वाटीभर दही, उपासाला साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, चालत असेल तर अंडं. दात नसतील तर मुगाचं धिरडं, मऊ पनीर. कोलॅजनची वेणी घट्ट बसायला व्हिटॅमिन सी लागतं, ते नसलं की पेड सुटतात, म्हणून रोज आवळा, पेरू किंवा लिंबू काहीतरी असू दे. जेवणातून भागतच नसेल तर बिनसाखरेची पावडर एखादा चमचा त्यांना चालेल, पण किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, तुमच्या घरात ते काम करणारा माणूस आहे.

परत लेकाकडे. या आठवड्यातच लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे जा, खुर्चीत बसायच्या आधी सांग की गार लागतं आणि दाढ येतानाच अशी आली. या दाढांची नस चिडलेली असते आणि इंजेक्शनने नेहमीसारखी बधिर होत नाही, डॉक्टरांना आधी माहिती असलं तर ते तयारीने करतात, नाहीतर पहिल्याच वेळी मुलाच्या मनात भीती बसते आणि मग पुढची दहा वर्षं तो दवाखान्याच्या पायरीवर रडतो. बहुतेक ते फ्लोराइडचं वार्निश लावतील, दुधातल्या केसीन प्रोटीनपासून बनवलेली एक क्रीम देतील, तुटलेल्या जागी सिमेंट भरतील किंवा स्टीलची कॅप बसवतील. कॅप म्हटल्यावर घाबरू नकोस, मागच्या दाढेवर ती दिसत नाही आणि बहुतेकदा एका फेरीत दुखणं थांबतं. खाली डेंटिनच्या पेशी जिवंत आहेत म्हटलं होतं ना मी, वरून झाकण मिळालं की त्यांना आतून भिंत जाड करायला सवड मिळते. दाढ फारच ढासळलेली असेल तर साडेआठ-नऊच्या सुमारास काढून मागची दाढ त्या जागी सरकू देण्याचाही एक मार्ग असतो, पण तो निर्णय एक्सरे बघून, वाकडेतिकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचं मत घेऊनच, घाईने नाही.

त्या क्रीमचं एक सांगायचं राहिलं. दूध बघ, पांढरं पातळ पाणी, पण त्यात केवढं कॅल्शियम-फॉस्फेट, तरी तळाशी चुना बसत नाही, कारण केसीन त्याला कुशीत धरून ठेवतं. तेच तुकडे क्रीममध्ये वापरून खनिज दाताच्या पृष्ठभागापाशी नेतात. आपली लाळ तेच काम दिवसभर फुकट करते, तिच्यात स्टॅथेरिन नावाचं छोटं प्रोटीन आहे, ते कॅल्शियमला विरघळलेलं ठेवतं, म्हणून दाताला ते हवं तेव्हा घेता येतं. तोंडातला आंबटपणा ५.५ पीएचच्या खाली गेला की उलटं होतं, दातातून खनिज बाहेर जातं, आणि दर तासाला बिस्कीट-गोळी चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला भरून काढायला वेळच मिळत नाही. म्हणून खाण्याच्या वेळा ठरव, मधे पाणीच. क्रीम दुधाची ॲलर्जी असलेल्याला चालत नाही, तुझ्या लेकाला दूध चालत असेल तर प्रश्न नाही. पेस्ट फ्लोराइडची, ट्यूबवर १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेली, वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री झोपताना, थुंकायला लाव पण लगेच खळखळून चूळ नको. चूळ भरायचीच असेल तर कोमट पाण्याने, माठाच्या नाही. ब्रश मऊ, आणि तो तिथे लावू देत नसेल तर काही दिवस तू बोटावर पेस्ट घेऊन हलक्या हाताने लाव, रात्री त्याचं डोकं मांडीवर घेऊन, मोबाईलच्या टॉर्चने बघत. तेव्हाच बाकीच्या तीन कोपऱ्यांतल्या दाढाही बघून ठेव, डाग दिसला की तुटायच्या आधीच झाकता येतो. तुटल्यावर झाकण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

आणि पुढच्या दातावरचा ठिपका. तो बहुधा मागच्या दाढेइतका खोल नाही, तिथे चावण्याचा जोर येत नाही त्यामुळे तुटायची भीती कमी. दिसतो म्हणून बोचतो. त्यावर पातळ रेझिन मुरवून किंवा वरून लेप देऊन तो झाकता येतो, पण दात पूर्ण बाहेर यायला आणि हिरडी बसायला थोडा वेळ द्या, डॉक्टर सांगतील कधी ते. तोवर वर्गशिक्षिकेला एकदा भेट, दोन मिनिटांत सांगून होईल. आणि त्याला घरी सांग की ठिपका मळ नाहीये, तू ब्रश करत नाहीस म्हणून आलेला नाहीये, तू तान्हा होतास तेव्हा दात बनवणाऱ्या कामगारांकडून एक फळी काढायची राहिली. बाबांना घेऊन एकदा साइटवर सेंट्रिंग खोलताना लांबून दाखवा त्याला, हेल्मेट घालून. दवाखान्यातून आल्यावर डॉक्टर काय म्हणाले आणि बाकीच्या दाढांवर काय निघालं ते मला लिही, सासूबाईंचा डीचा आकडा पण.